तोंडाला कुलूप लावा म्हणणाऱ्या काकांना

काका,

तुम्ही मला ताई म्हटलंत, पण स्वतःचं वय ६८ लिहिलंत, म्हणून मी काकाच म्हणते. मी ४३ वर्षांची आहे. तुमची प्रतिक्रिया सोमवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं, म्हणून चार दिवस थांबले. आता राग नाही. पण तुमच्या शेवटच्या दोन ओळी डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याकडे येतेच.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बिंज ईटिंगमधून, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाण्याच्या आजारातून, बाहेर पडताना मी वजन कमी करायचा नाद काही महिने सोडला, दिवसातून पाच वेळा खाल्लं आणि वजनकाटा माळ्यावर टाकला, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. ‘तुम्हीही टाका’ असंही लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: आमच्या पिढीत असली नावं नव्हती, भूक नसेल तर खायचं नाही एवढं साधं आहे. मुक्तांगणमध्ये जाऊन माणसं दारू सोडतात आणि तुम्हाला चिवडा सोडवत नाही? घराघरात मधुमेह असताना काटा टाकून द्या सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. चौदा महिन्यांत चार किलो याला यश म्हणत नाहीत. आणि शेवटी: ‘आमच्या सुनेचंही हेच. दिवसभर डाएट आणि रात्री डबे रिकामे. शेवटी फराळाच्या कपाटाला कुलूप लावलं. आता बरं चाललंय.’

काट्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आधी ते कबूल करते. ते वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. हृदय कमजोर असलेल्या काही रुग्णांना तर डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, कारण अंगात पाणी साठायला लागलं की ते काट्यावर आधी दिसतं. असा एखादा माणूस माझा लेख वाचून काटा माळ्यावर टाकेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. लेखात आज दुरुस्ती केली आहे. खरं तर माझ्या समुपदेशक बाईंनीही मला काटा खाली काढायला लावला होता. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मधे अजिबात नाही. लेखात मी अर्धंच सांगितलं होतं.

मधुमेहाची तुमची काळजीही खरी आहे. आपल्याच पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी या विषयात आयुष्य घातलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसतो त्यापेक्षा आतून जास्त चरबीचे असतो, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं. माझे वडील मधुमेहानं खंगत गेलेले मी पाहिलेत. माझी स्वतःची तीन महिन्यांची साखर ६.१ आली होती, म्हणजे मी उंबरठ्यावर होते. तेव्हा वजनाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. मला ते कमी करायचंच आहे. आधी काय आणि मग काय, एवढाच आपल्यातला वाद आहे.

आता ‘भूक नसेल तर खायचं नाही’ याबद्दल.

माझा तेव्हाचा दिवस ऐका. सकाळी मेथीचं पाणी. दुपारच्या डब्यात काकडी, टोमॅटो आणि मूठभर मोड आलेले मूग. चारच्या चहाला ऑफिसातले सगळे उठायचे तेव्हा मी कामात असल्यासारखं दाखवायचे. रात्री दुधीचं सूप. आहारतक्ता १,२०० कॅलरींचा होता आणि मी तो काटेकोर पाळायचे. सगळे कौतुक करायचे, ‘काय कंट्रोल आहे हिचा!’

साडेअकराला घर झोपलं की मी स्वयंपाकघरात जायचे. दिवा लावायचा नाही, फ्रिजचं दार उघडं ठेवलं की तेवढा उजेड पुरतो. स्टीलच्या डब्याचं झाकण काढताना आवाज होतो, तो होऊ नये म्हणून ओढणी भोवती धरून ते हळूहळू फिरवत काढायचं, हे मला सवयीनं जमायला लागलं होतं. आधी मूठभर चिवडा. मग बाकरवड्या. मग उरलेल्या पोळ्या, थंडगारच, साखर पसरून गुंडाळी करून, ओट्याशी उभ्यानं. चव लागायची नाही काका. तिसऱ्या पोळीनंतर जिभेला काही कळायचं नाही, जबडा दुखायचा, पोट तडस लागल्यासारखं व्हायचं, आणि तरी हात पुढच्या पोळीकडे जायचा. थांबावंसं वाटायचं आणि थांबता यायचं नाही. खाऊन झालं की खाली सांडलेले पोहे अंधारात बोटांनी टिपून घ्यायचे, सकाळी सासूबाईंच्या पायाखाली येऊन त्यांना कळू नये म्हणून. मग अंथरुणावर पडून ठरवायचं, उद्या दिवसभर काही खायचं नाही.

ते ‘उद्या काही खायचं नाही’ हेच त्या रोगाचं इंधन होतं. मला हे कळायला सात वर्षं लागली. त्या सात वर्षांत दोनदा नऊ नऊ किलो उतरवले आणि दोन्ही वेळा अकरा अकरा चढवले.

हे माझ्या एकटीच्या मनाचे खेळ असतील असं वाटत असेल तर एक जुना प्रयोग सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतल्या लोकांना कसं सावरायचं हे त्यांना शोधायचं होतं. मुलं निवडून घेतलेली, मनानं खंबीर, स्वतःहून आलेली. रोज साधारण १,५७० कॅलरी मिळत होत्या. माझ्या तक्त्यापेक्षा जास्तच! काही आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ताटं चाटायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, काहींना चोरून खाल्ल्याशिवाय राहवेना. आणि पुन्हा हवं तेवढं खायला मिळाल्यावर कित्येकांना पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक भागल्यासारखं वाटत नव्हतं. ती मुलं कमकुवत नव्हती. उपाशी शरीर असंच वागतं.

आणि नावं नव्हती म्हणता, तर १९५९ सालीच अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं अशा खाण्याचं वर्णन करून ठेवलंय. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात तो स्वतंत्र आजार आहे. निदानाच्या अटीही साध्या आहेत. थोड्या वेळात भरमसाट खाणं, खाताना ताबा सुटल्याची भावना, आणि आठवड्यातून एकदा तरी असं सलग तीन महिने. भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं ही त्याची लक्षणं. पण एवढं लांब कशाला जायचं? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्या आजीला माहीत होतंच की.

म्हणून मी संकष्टीचा उपास सोडला. हे लिहिताना अजून जड जातं. चंद्रोदय कधी कधी साडेनऊ-दहाला असतो, आणि दिवसभर रिकाम्या पोटानं काढून रात्री नैवेद्याचा मोदक समोर आला की मला तिथून पुढे थांबता यायचं नाही. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘तू देवळात जाऊन ये. उपास तुझ्या वाटचा मी करते.’ त्यांना बिंज वगैरे शब्द आजही माहीत नाही.

दारूबद्दल. मुक्तांगणच्या कामाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. १९८६ पासून त्यांनी किती संसार सावरलेत हे पुणेकराला सांगायला नको. पण दारू सोडणाऱ्याला ‘पहिला घोट घेऊच नका’ असं सांगता येतं. मला ‘पहिला घास घेऊच नका’ असं कोण सांगणार? ज्या गोष्टीपाशी माझा ताबा सुटतो, तिच्यासमोर मला मरेपर्यंत रोज बसायचंय, चारचौघांत, सणावारी, लग्नाच्या पंगतीत. मला ती सोडून चालणार नाही, तिच्याबरोबर राहायलाच शिकावं लागणार.

ते शिकणं कसं झालं ते मागच्या लेखात घाईत उरकलं होतं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी यासाठी जी उपचारपद्धत बसवली, तिचा पाया म्हणजे ठरलेल्या वेळी खाणं. तीन जेवणं, मधे दोन-तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नाही. माझ्या बाईंनी त्याच वाटेनं नेलं. साडेसात, अकरा, दीड, साडेचार, साडेआठ. रात्री बिंज झालं असलं तरी सकाळी साडेसातला पोहे खायचेच. पहिले तीन आठवडे हे सगळ्यात अवघड गेलं. पोट भरलेलं, मन शरमलेलं, आणि समोर पोह्यांची बशी! पण ती एक बशी चुकवली की रात्र परत तीच यायची.

साडेचारसाठी पर्समध्ये एक छोटी डबी असायची. फुटाणे, गुळाचा खडा, कधी केळं. ऑफिसात पहिल्यांदा सगळ्यांसमोर ती उघडली तेव्हा मान वर करवली नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी बाकरवडी खायला सांगितली. दोन, बशीत काढून, बसून, दिवसाउजेडी, कुणाबरोबर तरी. रविवारी चहाला मी, माझी मुलगी आणि मधे बशी. माझा हात थरथरत होता. मुलगी तिच्या शाळेतलं काहीतरी सांगत होती. एक खाल्ली. मग दुसरी. आणि किती तरी वर्षांनी मला तिच्यातली खसखस लागली, खोबरं लागलं, आंबटगोड लागलं. तिसरी खावीशी वाटली का? वाटली. घेतली नाही, कारण उद्या पुन्हा मिळणार हे मला माहीत होतं. आयुष्यात शेवटची म्हणून खाल्ली की दहा खाल्ल्या जातात.

आठवड्याला पाच रात्री होत्या, त्या चौथ्या महिन्यात एकीवर आल्या. दिवाळीत पुन्हा घसरले. गेल्या महिन्यात एकदा झालं. पहिले नऊ महिने वजन कमी झालं नाहीच, उलट दीड किलो वाढलं, आणि त्या काळात मी खूप रडले आहे. नंतर रोज संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर चालणं आणि साधं वरण-भात-भाजी-पोळी एवढ्यावर ते हळूहळू उतरायला लागलं. तुम्ही म्हणता ते चार किलो याच काळातले. साखर ५.८ वर आली. ‘आधी बिंज, मग वजन’ हा क्रम माझ्या सोयीसाठी मी काढलेला नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की, या आजाराचे उपचार चालू असताना वजन कमी करायचा प्रयत्न करू नका असं रुग्णाला सांगावं, कारण त्यानं बिंज उफाळण्याची शक्यता असते.

(एक लक्षात असू द्या, बिंजनंतर सकाळी काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो ते बहुतेक पाणी असतं. खारट आणि पिठूळ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, ती एका रात्रीत दोन किलो चढत नाही. काट्यावरचा तो वाढलेला आकडा बघून मी कितीतरी वेळा दुसऱ्या दिवशी उपाशी राहिले आहे.)

आता तुमच्या सूनबाई.

आमच्याकडेही सासूबाईंनी एकदा डबे माळ्यावर ठेवले होते, भांडण नको म्हणून, काही न बोलता. मी काय केलं सांगू? घरी येताना बेकरीतून खारी आणि क्रीमरोल घ्यायचे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून अंधारात संपवायचे, पिशवी खालच्या कचराकुंडीत टाकून मग वर जायचे. घरच्यांना वाटायचं, आता बरं चाललंय. तुमच्या घरी असंच असेल असा माझा दावा नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण डबे भरलेले राहतात एवढ्यावरून तुम्हाला काही कळणार नाही.

तुम्ही वाईट हेतूनं कुलूप लावलं नाहीत, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. तुम्हाला तिची काळजी आहे, नाहीतर अनोळखी बाईला एवढं लांब कोण लिहितं? म्हणून हात जोडून सांगते, ते कुलूप काढा. काढलं हे तिला सांगू नका, आणि उद्या डबा रिकामा दिसला तर कुणी खाल्लं हेही विचारू नका. त्यापेक्षा ती दुपारी काय खाते ते बघा. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या समोर काहीतरी गरम असू द्या, उपमा, थालीपीठ, काहीही, आणि तुम्हीही तिच्याबरोबर बसून खा. ‘हे चालतं का तुझ्या डाएटला’ असं म्हणू नका. ती बारीक झाली की कौतुकही नको. माझ्या कौतुकानंच मला फार दिवस अडकवून ठेवलं होतं.

ती स्वतःहून बोलली तर ऐकून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सोबत करा. सुरुवातीला नुसतं फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. आणि माझा लेख तिला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवलात तर दुरुस्ती केलेला दाखवा.