जेवणाआधी की जेवणानंतर

मिरजेत दोन प्रकारची माणसं असतात, असं बाबा म्हणतात. एक तंबोरे बनवणारी आणि दुसरी, तंबोरा उचलायचीही ताकद उरली नाही म्हणून दवाखान्यात आलेली. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली इथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून गावाला औषधाचा वास आहे तो आहेच. अशा गावात ‘मी फार्मसीला जायचं म्हणतेय’ असं बोलायची चोरी. बोललात की त्याच संध्याकाळपासून तुम्ही फार्मासिस्ट. प्रवेश, परीक्षा, चार वर्षं वगैरे किरकोळ बाबी मागाहून होतील.

मी सध्या बी.एस्सी. भाग दोनला आहे, झूलॉजी घेऊन. माझी आजवरची वैद्यकीय कामगिरी म्हणजे कांद्याच्या मुळाचं टोक कापून, त्यावर ॲसिटोकार्माइनचा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली मायटॉसिस, म्हणजे पेशींचं विभाजन, शोधणं. आणि नाहीच सापडला तर मैत्रिणीच्या स्लाइडवरचा बघून आपल्या जर्नलात काढणं. या भांडवलावर तळमजल्यावरच्या आज्जी रोज दिवेलागणीला गोळ्यांची पिशवी घेऊन येतात.

“ही गुलाबी जेवायच्या आधी की नंतर गं?”

“आज्जी, डॉक्टरांना विचारा की.”

“त्यास्नी कशाला तरास? कामात असतात ती. तू मोकळीच हायस न्हवं.”

मग मी पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचते, एक्स्पायरी वाचते, किंमतही वाचते. आज्जींचं पूर्ण समाधान होतं. जाताना सांगतात, “पोरगी हुशार हाय. गोळी बघून सगळं सांगती.” परिणामी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हल्ली डॉक्टरांची चिठ्ठीच आणून देतात. ती वाचता येत नाही म्हटल्यावर त्या आईकडे बघून म्हणाल्या, “अजून फर्स्ट इयर झालं नसेल ना, म्हणून.”

खरी गोष्ट अशी की मी सध्या अकरावीत आहे. म्हणजे कागदोपत्री बी.एस्सी.त, पण जीव अकरावीत. बी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या, दारात बी.एस्सी.ला कुणी कुत्रं विचारत नाही. तिथं लागते बारावी, त्यात फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचं, जोडीला मॅथ्स किंवा बायो, आणि वर सीईटी ही प्रवेश परीक्षा. मी भाग एकला जे काही रात्र रात्र जागून पाठ केलं, त्याची किंमत शून्य. त्याउलट, दोन वर्षांपूर्वी हुश्श करून ज्याची पुस्तकं रद्दीत घातली, ते फिजिक्सचं रोटेशनल डायनॅमिक्स पुन्हा छातीवर येऊन बसलंय. रद्दीवाल्याकडे परत चौकशी केली, तर त्यानं ती पुस्तकं एका सीईटीवाल्यालाच विकली होती. चांगल्या भावात, असंही सांगितलं.

मावशीनं मध्येच डी.फार्म. सुचवलं. दोन वर्षांचा डिप्लोमा, सीईटीची भानगड नाही, बारावीच्या मार्कांवर प्रवेश, पुढं हवं तर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला. सल्ला उत्तम होता. फक्त माझे बारावीचे मार्क नक्की किती, हे आईनं मावशीला आजतागायत कळू दिलेलं नाही, आणि तेही मोठ्या कष्टानं. तेव्हा विषय बदलून आम्ही चहा घेतला.

सीईटीच्या क्लासला सगळी पोरं सतरा वर्षांची. मला ‘ताई’ म्हणतात. तेही चाललं असतं, पण परवा एकानं पेन मागताना ‘अहो’ म्हटलं, तेव्हा घरी येऊन मी आरशात बराच वेळ बघितलं. या पोरांचा वेग भयंकर. फिजिक्सचे पन्नास आणि केमिस्ट्रीचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. चोपन्न सेकंदांत मला प्रश्न कुठल्या धड्यातला आहे एवढं कळतं. पोरं तेवढ्यात उत्तर काढून, तपासून, खाली वाकून मोबाइल बघून परत वर आलेली असतात. सर म्हणतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडायचा नाही. फिजिक्समध्ये मी सरांचा हा एवढाच उपदेश तंतोतंत पाळते.

बायोलॉजी मात्र माझं घरचं मैदान, असं मला वाटत होतं. शंभर प्रश्न, शंभर मार्क, नव्वद मिनिटं. पण पदवीला शिकून एक वेगळीच पंचाईत होते. बारावीच्या पोराला एकच उत्तर माहीत असतं, ते तो टिचकी मारून निवडतो. मला त्या उत्तराचे अपवादही माहीत असतात. चारी पर्यायांकडे बघत मी मनातल्या मनात ‘तसं म्हटलं तर…’ करत बसते आणि वेळ संपते. एका टेस्टला त्या ‘अहो’ म्हणणाऱ्यानं मला बायोत मागं टाकलं. वर ‘होतं असं, ताई’ म्हणून धीरही दिला.

कागदपत्रांचं प्रकरण निराळं. प्रवेशाला बारावीचा मूळ एल.सी. लागतो. तो आहे बी.एस्सी.च्या कॉलेजात. तिथले क्लार्क म्हणाले, प्रवेश रद्द केल्याशिवाय दाखला मिळणार नाही. मी म्हटलं, सर, तिकडं प्रवेश मिळाल्याशिवाय इकडचा रद्द कसा करू? ते म्हणाले, बरोबर आहे. मी म्हटलं, आणि तिकडचा तर दाखल्याशिवाय होत नाही. तेही त्यांना बरोबर वाटलं. इतक्या मनापासून माझ्याशी सहमत झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मग ते जेवायला गेले.

कुणीतरी शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेव म्हणालं. तहसीलच्या आवारात बसणाऱ्या टायपिंगवाल्या काकांकडे मजकूर तयारच असतो, नाव तेवढं घालायचं.

“गॅपमध्ये काय करत होता?”

“शिकत होते. बी.एस्सी.”

काकांची बोटं थांबली. “मग गॅप कुठाय?”

“तेच मीही विचारतेय.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हे बघा ताई, आमच्याकडे दोनच नमुने आहेत. घरी होतो, नाहीतर आजारी होतो. यातलं काय ते सांगा, मागं लाइन आहे.” मी तशीच परत आले.

आणि या सगळ्यात स्थळं यायला लागलीत. सांगली-जयसिंगपूरकडं कुणाचं तरी मेडिकल असतंच, आणि मेडिकल चालवायला रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो. कायदा १९४८चा आहे, पण सासरच्या मंडळींइतका बारकाईनं तो कुणी वाचला नसेल. “मुलाचं स्वतःचं दुकान आहे, अगदी हॉस्पिटलसमोर,” मध्यस्थ मामा सांगत होते. “मुलगी बी.फार्म. हवी, एवढीच अट.” मुलगा काय शिकलाय, विचारलं. बी.कॉम. मी काय शिकतेय, हे त्यांनी विचारलं नाही. रंग, उंची, पत्रिका, कशाचीच चौकशी नाही. सर्टिफिकेटची फ्रेम गल्ल्यामागं कुठल्या भिंतीवर लागेल, हे मात्र ठरलेलं दिसलं. “तिनं दुकानात यायची पण गरज नाही,” मामा कौतुकानं म्हणाले. बाबांनी विचारलं, “मग लग्न तरी फ्रेमशीच लावायचं का?” मामा रागावून गेले, पण जाताना दाराशी थांबून ॲसिडिटीवर काय घेऊ, हे मला विचारायला विसरले नाहीत.

एवढं सगळं सोसायचं ते एका आशेवर, की एकदा बी.फार्म.ला गेलं की गणिताशी कायमची फारकत. मी बायो घेतलं तेच मुळी गणिताला घाबरून. मॅथ्स सोडलं त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं होतं. परवा हौसेनं पहिल्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उघडला. ह्युमन ॲनाटॉमी, फार्मास्युटिक्स, वाचता वाचता ऊर भरून आला. खाली एक विषय होता, रेमेडियल मॅथेमॅटिक्स. ज्यांनी बारावीला बायो घेतलंय, त्यांच्यासाठी खास. मॅथ्स घेऊन आलेल्यांना त्याच जागी रेमेडियल बायोलॉजी. लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, इंटिग्रेशन असं करत करत शेवटी लाप्लास ट्रान्सफॉर्म.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. “जेवणाआधी की जेवणानंतर, हे सांगायला हे लागतं?”

क्लासच्या सरांना विचारलं, तर त्यांचा चेहरा एकदम उजळला. मॅथ्सची बॅच संध्याकाळी सहाला असते म्हणाले. जुन्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत आहे.