'सिस्टर लोकांनी रक्त काढावं': एका प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणारे महाशय, नमस्कार.

आयसीयूतल्या रक्तक्षयावरचा माझा लेख (एरवी हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्याशिवाय रक्त चढवू नये आणि तपासण्यांसाठी उगाच काढू नये, असं सांगणारा) आपण वाचलात आणि रात्री पावणेदोनला जागून त्यावर प्रतिक्रिया लिहिलीत, आभारी आहे. आधी कबुली देऊन टाकते. 'रक्ताची बाटली' हा शब्द चुकला. काचेच्या बाटल्या कधीच गेल्या, आता पिशवी असते. वॉर्डातल्या मावशी अजून बाटलीच म्हणतात आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय, पण चूक ती चूक.

आता तुमचं ते वाक्य. बाकीच्या वाचकांसाठी जसंच्या तसं उतरवते: 'सिस्टर लोकांनी रक्त काढावं, ते कधी चढवायचं हे डॉक्टरांवर सोडावं.'

तुमच्या वाक्यात डॉक्टर नुसते डॉक्टर आहेत आणि आम्ही तेवढे 'लोक'. असो. रक्त कधी चढवायचं हे मी ठरवलेलंच नाही. हिमोग्लोबिन सातचा आकडा काही मी घरी पाटावर बसून काढला नाही. तो एका अभ्यासातला आहे. कॅनडात आयसीयूतल्या ८३८ रुग्णांवर झालेला हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, अर्ध्यांचं दहाच्या वर राखलं. तीस दिवसांत दगावले ते पहिल्या गटात १८.७ टक्के, दुसऱ्यात २३.३. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा ठाम नव्हता, मान्य. पण जास्त रक्त दिल्याने जास्त माणसं वाचली, असं काही त्यातून निघालं नाही. तो अभ्यास डॉक्टरांनीच केला होता. डॉक्टर लोकांनी.

पण ते राहू द्या. 'रक्त काढावं' म्हणालात ना? काढलं. बावीस वर्षं काढलं. किती, ते सांगते.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मनगटाच्या धमनीत लाइन, म्हणजे बारीक नळी, असते. तिच्यातून नमुना घ्यायचा तर आधीचे तीन-चार मिली फेकावे लागतात, कारण त्यात सलाइन मिसळलेलं असतं. मग एबीजीच्या (धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजन वगैरे वायूंच्या तपासणीच्या) सिरिंजमध्ये दोन मिली. म्हणजे एका खेपेला सहा. 'दर चार तासांनी एबीजी' अशी ऑर्डर असली की दिवसाला सहा खेपा, झाले छत्तीस. पहाटे पाचला रोजच्या तपासण्यांसाठी जांभळ्या टोपीची नळी, निळी, लाल, ते वेगळं. निळीला तर खुणेपर्यंत भरायचंच असतं, कमी भरली की लॅब परत पाठवते आणि पुन्हा सुई. ताप आला की कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघणं: एका बाटलीत आठ-दहा मिली, अशा निदान दोन. (ती मात्र बाटलीच असते, तपासून बघा.)

हे मी फुगवून सांगतेय असं वाटत असेल तर पश्चिम युरोपातल्या १४६ आयसीयूंची पाहणी २००२ साली छापून आली आहे. दिवसाला माणशी सरासरी ४१ मिली रक्त तपासण्यांसाठी काढलं जात होतं. आपल्याकडे रक्तदात्याकडून एका पिशवीत साधारण ३५० मिली घेतात. तेव्हा नऊ दिवसांत आम्ही एक अख्खी पिशवी उपसतो आणि दहाव्या दिवशी नातेवाईकाला चिठ्ठी देतो, 'पेशंटला रक्त कमी आहे, एक पिशवी आणा.' तो बिचारा क्रॉसमॅचचा, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते बघायचा नमुना (तोही पेशंटचाच!) आणि थर्माकोलचा डबा घेऊन रक्तपेढीकडे पळतो, बदली रक्तदाता म्हणून भावाला फोन लावतो. आणि आपल्या बायकांचं म्हणाल तर २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ घेऊन आयसीयूत आलेल्या बाईला दिवसाचे चाळीस मिली काय पडतात?

हे मी एका राऊंडला विचारलं होतं. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगत नाही. 'सर, पेशंट दोन दिवस स्थिर आहे, एबीजी गरजेपुरता केला तर?' सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, 'सिस्टर, तुम्ही नमुना पाठवा.' त्यामुळे तुमचं वाक्य मला नवीन नाही, फक्त छापील स्वरूपात पहिल्यांदा पाहिलं. पुढे फेकायचं रक्त बंद सिरिंजमधून परत आत सोडायची पद्धत तिथे आली. मी बोलले म्हणून आली असं म्हणत नाही. कॅनडातच २५ आयसीयूंमध्ये कमी रक्त ओढणाऱ्या नळ्या वापरून पाहिल्या, २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. मुख्य हिशेबात फरक ठाम नव्हता, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगते. सगळे रुग्ण धरून केलेल्या हिशेबात शंभरामागे दहाएक पिशव्या कमी लागल्या.

'स्वतःचं माणूस आत असतं तर असं लिहिलं असतं का?' हेही विचारलंत. होतं. माझी आई. लघवीच्या संसर्गातून सेप्सिस (संसर्गापायी अवयवच बिघडू लागणं), हिमोग्लोबिन ७.६. मीच त्या कोवळ्या रजिस्ट्रारच्या मागे लागले होते, 'एक पिशवी लावाच.' तो म्हणाला, 'सिस्टर, बीपी टिकलंय, लॅक्टेट उतरतंय, कुठे रक्तस्राव नाही. कशासाठी लावू?' (शरीराला ऑक्सिजन पुरत नसला की रक्तातलं लॅक्टेट चढतं.) मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आई चौदाव्या दिवशी घरी आली, ८.१ वर, एकही पिशवी न लागता. त्या दोन दिवसांत मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तुमच्या प्रतिक्रियेची भाषा त्यापेक्षा फार वेगळी नव्हती.

राहिलेलं थोडक्यात. 'हिमोग्लोबिन कमी असलेले जास्त दगावतात असं तुम्हीच लिहिता, मग रक्त का नको?' कारण जास्त आजारी माणसाचंच हिमोग्लोबिन जास्त घसरतं. जंतुसंसर्गात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, त्याने शरीरातल्या लोहाच्या कोठाराला कुलूप लागतं आणि नव्या पेशी बनणं मंदावतं. पिशवीने आकडा वर जातो, कुलूप तसंच राहतं. हृदयविकाराच्या झटक्यातल्या रुग्णांचं गणित वेगळं, तिथे सातपर्यंत थांबणं धोक्याचं ठरू शकतं, हे लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तिसऱ्यापर्यंतच वाचून लिहायला बसलात तर माझा इलाज नाही. रक्त वाहत असेल तर कुणीच आकड्याची वाट बघत नाही, हेही आहे. मथळा 'सनसनाटी' वाटला, वाटू द्या.

शेवटी तुम्ही 'उत्तराची अपेक्षा नाही' असं लिहिलंय. तरी दिलं. लेखात बाटलीची पिशवी केली आहे. बाकी एक शब्दही बदललेला नाही.