मावशीचा तुकडा आणि ‘लाईटची टेस्ट’

मावशीला गेल्या मंगळवारी गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा काढायला, म्हणजे बायोप्सीला, बोलावलं होतं. ती गेलीच नाही. का, म्हणून विचारलं तर फोन पुढे केला. ‘बघ की, आता नुसत्या लाईटनं कळतंय.’

भावकीच्या ग्रुपवरचा मेसेज. म्हणणं असं : गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आता प्रकाशकिरणांनी दोन मिनिटांत शंभर टक्के ओळखता येतो. तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो, म्हणून काढू नका. तोच प्रकाश रोग जाळूनही टाकतो. डॉक्टर धंद्यापायी हे लपवतात. खाली अर्थातच ‘प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा’.

आधी तुकड्याचं, कारण मावशी त्यालाच भ्याली. ‘कॅन्सरला लोखंड लागलं की तो खवळतो’ हे आमची आजीही म्हणायची. यात होतं असं, की बाई दवाखान्यात पोचते तेव्हाच रोग हाताबाहेर गेलेला असतो. तुकड्याच्या रिपोर्टमुळे तो कागदावर येतो, पुढे चार-सहा महिन्यांत बाई जाते आणि आळ येतो तुकड्यावर. प्रत्यक्षात काय करतात? पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावतात. मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसायला लागतो. कोल्पोस्कोप म्हणजे शरीराबाहेर उभं केलेलं मोठं भिंग. त्यातून बघत त्या पांढऱ्या जागेवरून ज्वारीच्या दाण्याएवढा चिमटा घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, की बिघडलेल्या पेशी वरच्या थरातच आहेत की थर फोडून खाली उतरल्यात. नुसतं लक्ष ठेवायचं, जागेवर भाजून टाकायचं, की ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन), हे त्यावर ठरतं. तुकडाच नाही काढला तर ठरवायचं कशावरून?

आता प्रकाशाचं. इथे थोडं कबूल करावं लागतं, कारण मेसेज हवेतून पडलेला नाही. चांगल्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे एक प्रकारची साखर, साठलेलं असतं, बिघडलेल्यांत ते कमी होतं. वरच्या थराखालचं कोलॅजन नावाचं धाग्यांसारखं प्रथिन ठरावीक प्रकाशात चमकतं, रोगाच्या जागी ती चमक मंदावते. परत येणाऱ्या प्रकाशात हे फरक वाचता येतात. पदार्थावर पडून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, हा परिणाम 1928 साली सी. व्ही. रामन यांनी शोधला; त्यावर खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटांच्या कॅन्सर संशोधन केंद्रात याच रोगासाठी काम झालंय. (तेच ग्लायकोजेन आयोडीनची बाटलीही दाखवते : चांगला भाग गडद तपकिरी, बिघडलेला मोहरीच्या फुलासारखा पिवळा. पण बाटलीचा मेसेज कोण फॉरवर्ड करणार!)

पण शंभर टक्के? रक्त, स्राव, सूज, पाळी गेल्यावरचे बदल, या सगळ्यांनी तो प्रकाश बदलतो. आणि यंत्राला ‘हा कॅन्सर, हा नाही’ हे शिकवलं कशावरून? आधी काढलेल्या तुकड्यांच्या रिपोर्टवरून. अमेरिकेत 2006 साली ‘ल्यूमा’ नावाच्या अशा एका यंत्राला परवानगी मिळाली, ती कोल्पोस्कोपीच्या जोडीला म्हणून. डॉक्टरांनी आधी स्वतः बघून जागा निवडायच्या, मग यंत्राने आणखी संशयित जागा दाखवायच्या. म्हणजे या लाईटने तुकडे कमी नाहीत, उलट एखादा जास्तच व्हायचा.

प्रकाशाने रोग जळतो म्हणे. तपासणीचा प्रकाश काही जाळत नाही. औषध देऊन प्रकाशाने करायचे उपचार असतात, ते वेगळे.

राहिलं डॉक्टरांच्या लपवण्याचं. मावशी धाराशिव जिल्ह्यातली, म्हणून हे जास्तच लागलं. ते उस्मानाबाद असताना याच जिल्ह्यातल्या गावांत, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं फिरून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. तो 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर ज्यामुळे होतो तो विषाणू) चाचणी केली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने 34 जणी गेल्या. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. (त्या गटाला तपासणी का दिली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती मला पटते.) चाचणीत दोष निघालेल्या बायकांचं पुढे काय केलं? कोल्पोस्कोपी, गरज तिथे तुकडा, उपचार. आमच्या मावशीच्या शिवारातल्या बायकांचे आकडे जगभर वाचले गेले, आणि मावशी लाईटची वाट बघत घरी बसली!

सोमवारची तारीख घेतली आहे, मी सोबत जाणार. ‘भूल देत्यात का गं?’ तिने विचारलं. बहुतेक वेळा लागत नाही, म्हटलं. चिमटा घेतल्यासारखी कळ येते, दोन-चार दिवस थोडं अंगावरून जातं. मग मेसेज टाकणाऱ्या भावजींना फोन लावला. म्हणाले, ‘मी कुठं वाचलाय तो, आला तसा पुढं ढकलला.’