मॉनिटर आठवतो, विंडो आठवत नाहीत

च्यायला, हद्द झाली आता. लिनक्सवाल्या लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडलाय. पाच मिनिटं जागेवरून उठलो, स्क्रीन झोपली, परत येऊन माऊस हलवला, तर मोठ्या मॉनिटरवरच्या अकराच्या अकरा विंडो लॅपटॉपच्या चिमुकल्या स्क्रीनवर एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या. टर्मिनल ब्राउझरखाली गाडलेलं, एडिटर अर्धा स्क्रीनबाहेर. आणि मोठा मॉनिटर? नुसता वॉलपेपर दाखवत निवांत. मग बसा एकेक विंडो ओढत. दिवसातून चार वेळा!

हे असं का होतं, ते शोधण्यात दोन शनिवार-रविवार घातले. मॉनिटर ज्या डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडलाय, तिच्यात ‘मी जोडलेला आहे’ एवढंच सांगणारी एक वेगळी तार असते, तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. माझा मॉनिटर झोपला की ही खूणही सोडून देतो. लिनक्सच्या दृष्टीने कुणीतरी केबल उपटली. मग डेस्कटॉप (विंडो मांडणारा प्रोग्रॅम) भलत्या तत्परतेने सगळ्या विंडो उरलेल्या स्क्रीनवर आणून ओततो. इथवर मी समजू शकतो. गेलेल्या मॉनिटरवर विंडो ठेवून करणार काय?

पण दोन सेकंदांत तोच मॉनिटर परत येतो ना रे! येताना स्वतःची ओळख घेऊन येतो. ईडीआयडी नावाची निदान १२८ बाइटची चिठ्ठी असते, तिच्यात बनवणारा कोण, मॉडेल कुठलं, कुठली रिझोल्यूशन चालतात, सगळं असतं. आणि डेस्कटॉपला ती ओळख पटते! कारण मॉनिटर बरोबर उजवीकडे लागतो, स्केलिंग (अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची ते) माझंच असतं, प्रायमरी म्हणजे मुख्य स्क्रीन कोण तेही बरोबर. होम फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये याची व्यवस्थित नोंद आहे. म्हणजे भिंत कुठे होती ते आठवतं, भिंतीवर काय टांगलं होतं ते नाही. मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप, म्हणजे ही खूण सोडणारी गाढ झोप, बंद करायची सोय काहींना असते म्हणे. माझ्याला नाही.

म्हटलं, स्क्रिप्ट लिहू. मॉनिटरची मांडणी ठरवणाऱ्या एक्सरँडर या कमांडची एक ओळ, डीपी-१ला (मोठा मॉनिटर) ईडीपी-१च्या (लॅपटॉपची स्क्रीन) उजवीकडे लाव, संपला विषय. आठवडाभर चाललीही. मग एकदा डॉक (लॅपटॉप आणि मॉनिटरमधला जोडणीचा डबा) काढून परत लावला, तर डीपी-१चा झाला डीपी-३. तोच मॉनिटर, तीच केबल, तेच भोक. स्क्रिप्टने सांगितलं काय, तर ‘आउटपुट डीपी-१ सापडलं नाही, दुर्लक्ष करत आहे’. दुर्लक्ष! निदान थांब तरी, ओरड तरी.

बरं, कुणाला विचारावं तर पहिलं उत्तर ठरलेलं: ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतं बुवा.’ अरे, तुझ्याकडे एकच मॉनिटर आहे! दुसरं उत्तर: ‘एक्स ११ सोड, वेलँडवर ये.’ लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा, एक जुनी, एक नवी. आता एक्स ११ हे १९८७ सालचं, हे मला मान्य. त्याच्या लेखी दोन मॉनिटर म्हणजे एकच लांबलचक स्क्रीन, त्यामुळे मोठ्या मॉनिटरच्या फोर-केवर (बारीक ठिपक्यांच्या रिझोल्यूशनवर) अक्षरं वाचता येतील असं करायला जावं, तर लॅपटॉपवर ती पाटीवर लिहिल्यासारखी मोठी दिसतात. म्हणून गेलो वेलँडवर. प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं ठेवता येतं, हे खरंच छान आहे, खोटं कशाला बोलू. पण एक्सरँडर तिथे चालत नाही, म्हणजे स्क्रिप्ट गेली केरात. प्रत्येक डेस्कटॉपचं अवजार वेगळं. आणि एक्स ११साठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड या दुभाष्यामार्फत येतात, ते १५० टक्के स्केलिंगवर असे दिसतात जणू मी चष्मा काढून बसलोय. विंडोंचं स्थलांतर? ते आहे तसंच. येरे माझ्या मागल्या.

शिवाय बारीकसारीक छळ आहेतच. लॉगिनची स्क्रीन वेगळ्या यूजरखाली चालते, तिला माझी मांडणी माहीतच नसते, त्यामुळे पासवर्डची चौकट बंद झाकणाखालच्या स्क्रीनवर उघडते आणि मी अंदाजाने टाइप करतो. पॉइंटर मोठ्या मॉनिटरवरून लॅपटॉपकडे नेताना मध्येच अडकतो. एकाची उंची स्केलिंगच्या हिशेबाने १४४०, दुसऱ्याची १०८०, म्हणजे वरच्या ३६० ओळींना शेजारीच नाही! तिथे माऊस कितीही घासा, भिंत ती भिंत. याला निदान कारण तरी आहे.

‘कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून बघ’, ‘डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा अवतार) बदलून बघ’ असं सांगणाऱ्यांनी कृपया लांबच राहावं. दोन्ही करून झालंय.

शेवटी काल वैतागून जुनी एचडीएमआय केबल लावली. आणि काय आश्चर्य, एचडीएमआयवर हाच मॉनिटर झोपेतही खूण सोडत नाही! स्क्रीन झोपली, उठली, विंडो जागच्या जागी. पण लॅपटॉपचं ते पोर्ट एचडीएमआय १.४चं, त्यावर फोर-के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, मिळतं. म्हणजे ६० हर्ट्झ हवेत तर विंडो विसरा, विंडो हव्यात तर ६० हर्ट्झ विसरा. सध्या ३०वर आहे. पॉइंटर टप्पे खात चालतो, स्क्रोल करताना ओळी उड्या मारतात. अकराही विंडो मात्र सकाळपासून हललेल्या नाहीत.