टाकीखालची माणसं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक जण पाण्याच्या टाकीवर चढला. मी उताऱ्याच्या कामाला तहसीलला गेलो होतो. साहेब जेवायला गेलेले, म्हणून बाहेर चहा पीत होतो. ओरडा झाला तसे सगळे धावले, मीही धावलो. आणि कबूल करतो, पहिलं काम काय केलं, तर खिशातून मोबाईल काढला. चाळीसेक सेकंद शूटिंग केलं असेल. तेवढ्यात एक पोरगा ओरडला, "मार की उडी, लै टाइमपास झाला!" लोक हसले. मीही हसलो असणार, कारण व्हिडिओत एक हसणं फार जवळून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'तहसीलसमोर शोलेस्टाईल आंदोलन'. 1975 च्या त्या सिनेमात वीरू दारू पिऊन टाकीवर चढतो ते लग्न जमवायला, आणि तो मरणार नाही हे थेटरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पन्नास वर्षं झाली, पण कुणी टाकीवर चढला की आपण अजून त्याच थेटरात बसल्यासारखे बघतो.

गर्दीत सगळ्यात जास्त चर्चा एकाच गोष्टीची चालली होती. खरंच उडी मारणार, का नाटक? प्रत्येकाकडे पुरावा होता. "मरायचं असतं तर घरी मेला असता", "दोन तास झाले, अजून वरच आहे". वर जाऊन दोन तास थांबलेला माणूस आपल्याला खोटा वाटतो. मला आता नेमकं उलटं वाटतं. तो थांबलाय म्हणजे त्याच्या आत अजून काहीतरी वाटाघाट चालू आहे आणि आपल्याला शिरायला तेवढी फट आहे. नंतर मी त्याच्याशी बोलत बसलेल्या हवालदारांना विचारलं, "जमादार, मारली असती का हो उडी?" ते म्हणाले, "मला काय ठावं? त्याला तरी कुठं ठावं हुतं."

या हवालदारांबद्दल सांगायलाच हवं. रिटायरमेंटला आलेला, पोट सुटलेला माणूस. टोपी काढून त्यांनी एका शिपायाकडे दिली आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. वर चढले नाहीत. हाक दिली, "पाव्हणं, पाणी पिलाव का सकाळपास्नं?" मग बराच वेळ काहीच नाही. मग बैलांची चौकशी. मग मधेच सरळ विचारलं, "जीव द्यायचा इचार हाय का?" मी दचकलो. असं विचारलं तर आणखी डोक्यात भरेल, असं मला वाटायचं. तसं होत नाही. मानसोपचारवाले उलट सांगतात की स्पष्ट विचारलं तर माणूस मोकळा होतो. आणि तो वरून बोलायला लागला तो त्यानंतरच.

खाली फौजदार मात्र भोंग्यावरून सांगत होते, "साहेबांनी सही केली, खाली ये!" सही कुठली, साहेब जेवायला गेलेले. वरून उत्तर आलं, "कागद दाखवा." मग कुणीतरी सुचवलं, भावाला बोलवा. भांडण भावाशीच होतं, बांधाचं आणि फेरफाराचं. हवालदारांनी हातानेच नको म्हटलं. नातेवाईक आणला की माणूस विरघळेल ही आपली समजूत, पण पुष्कळदा ज्याच्यामुळे वर चढला त्यालाच आपण समोर उभा करतो. 'लेकराबाळांचा विचार कर' हेही तसंच. तो विचार करून करूनच वर गेलेला असतो.

हे कसब शिकवता येतं. न्यूयॉर्क पोलिसांनी 1973 पासून फक्त बोलणी करणाऱ्यांचं वेगळं पथक ठेवलंय आणि त्याचं ब्रीद आहे 'टॉक टू मी', माझ्याशी बोल. आमच्या हवालदारांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या वेळी ते रजेवर असतील तर?

गर्दीचाही अभ्यास झालाय. लिऑन मान नावाच्या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाने 1981 मध्ये अशा 21 घटना तपासल्या. त्यातल्या 10 ठिकाणी खालच्या लोकांनी 'मार उडी' म्हणून चिथावलं होतं. गर्दी मोठी, अंधार पडलेला, प्रकार लांबलेला, की जीभ सुटते. म्हणजे आमच्या गावचीच पोरं वाया गेलीत असं काही नाही. पण म्हणूनच माझं म्हणणं आहे की पोलिसांनी पोचल्यावर पहिलं काम टाकीचं करू नये, गर्दीचं करावं. दोरी लावा, लोकांना शंभर पावलं मागे न्या, मोबाईल खाली करायला लावा, भोंगा बंद करा. आमच्याकडे हे व्हायला दीड तास गेला. आणि बघे म्हणून आपलं काम म्हणाल तर 112 ला फोन लावायचा आणि तोंड मिटून मागे सरकायचं. अगदी हाताच्या अंतरावर असाल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2024 मध्ये अटल सेतूवर एका टॅक्सीवाल्याने कठड्यापलीकडे गेलेल्या बाईंचे केस हातात येतील तसे धरून ठेवले आणि वाहतूक पोलिसांनी कठड्यावर चढून त्यांना वर ओढलं. तिथे बोलायला वेळच नव्हता.

'आज वाचवला, उद्या पुन्हा करेल' म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात अडवलेल्या 515 लोकांचा रिचर्ड सायडनने माग काढला. 1978 च्या त्याच्या अभ्यासात सुमारे 94 टक्के लोक एक तर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते.

म्हणून उडी मारणाऱ्याला झेलायला मंत्रालयात बसवलेल्या जाळीची टिंगल मला आवडत नाही. जानेवारी 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे 84 वर्षांचे धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून घालून मंत्रालयातच विष प्याले आणि काही दिवसांनी गेले. फेब्रुवारीत आणखी एकाने तिथे उडी घेतली, मग जाळी बसली. ऑक्टोबर 2024 मध्ये खुद्द विधानसभेचे उपाध्यक्षच आंदोलन म्हणून त्या जाळीवर उतरले. जाळी असावीच. राग येतो तो याचा, की खेटे होते तसेच राहिले.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेतलं कलम 309 गेलं, आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा राहिला नाही. पण नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 226 आलं. लोकसेवकाला एखादं काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा करण्यापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर वर्षभरापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. दुसरीकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 म्हणतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चाला, त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन सरकारने बघावं. माणूस टाकीवरून उतरला की ठाण्यात 226 आठवतं, 115 आठवत नाही. दर 15 ऑगस्ट-26 जानेवारीच्या आधी आत्मदहनाच्या इशाऱ्यांची निवेदनं येतात, त्यांना नोटिसा जातात. नोटीस देणाऱ्या शिपायासोबत त्या टेबलचा कारकून फाईल घेऊन गेला, असं मी तरी ऐकलेलं नाही. हो, काही जण दरवर्षी इशारा देतात, दबावासाठीच देतात. देऊ देत. त्यातला खरा कोण हे आधी ओळखणारा अजून भेटायचाय.

तो अडीच तासांनी उतरला. हवालदार मागे मागे होतेच, तरी शेवटच्या पायरीवर गर्दीतल्या दोघांनी त्याच्या कानफटात मारल्या. का, तर ताटकळत ठेवलं म्हणून. जीपमध्ये बसेपर्यंत तो गाल धरून होता.

व्हिडिओ आमच्या तालुक्याच्या तिन्ही ग्रुपवर अजून फिरतोय, वर गाणं लावून. माझा मी कुणाला पाठवला नव्हता, पण काढलेला होता. तुमच्याकडे आला असेल तर पुढे ढकलू नका. त्याची मुलगी आठवीत आहे आणि तिच्या वर्गात निम्म्या पोरांकडे फोन आहेत. आणि हे वाचताना कुणाच्या मनात तसं काही चाललं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. मलाही इनबॉक्समध्ये लिहा, रात्री जागाच असतो.