१७ नंबरचा एक बोल्ट

अख्खा रविवार गेला. एका बोल्टपायी!

गाडी २००८ ची. पंधरा वर्षं झाल्यावर पाच वर्षांसाठी पासिंग करून आणलीय, म्हणजे सरकारदरबारी ती धडधाकट आहे. इंजिन खरंच धडधाकट आहे. पण रोज घोडबंदर रोडवरून ये-जा करणाऱ्या गाडीचं खालचं अंग टिकणार कसं? मेट्रोच्या कामाचे पत्रे, त्यांच्या कडेने चिंचोळी लेन, आणि डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे चार बोटांची पायरी. डावं चाक नेमकं तिथेच आदळतं. दोन महिने डावीकडून खट-खट, खट-खट. बायको म्हणाली, गाडीत कोणी पाट-वरवंटा ठेवलाय का?

गॅरेजवाल्याने चाक हलवूनसुद्धा पाहिलं नाही. "साहेब, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप, लिंक रॉड, सगळंच गेलंय." अरे, शॉकअप कोरडे ठणठणीत आहेत, तेलाचा एक थेंब गळत नाही! मी घरी गाडी उचलली, जॅक स्टँड लावला आणि टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) खालून उचकटून बघितला. डावा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, आणि त्याच बाजूचा लिंक रॉड, म्हणजे गाडी वळणावर कलू न देणाऱ्या दांड्याची जोडकांब, बास. बाकीचं बिल कसलं होतं, ते त्यालाच माहीत.

बरं, बॉल जॉइंट सुटा मागितला तर दुकानदार म्हणे आर्मसकटच येतो. घेतला आर्म. वर उजव्या बाजूचाही गळ्यात मारला, "जोडीनेच टाका" म्हणून. लग्न लावायचंय का त्यांचं?

लिंक रॉडने तासभर खाल्ला. नट फिरवला की आतला दांडाही सोबत गरगर फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं ते गंजून गोल झालेलं. शेवटी हॅक्सॉने कापला.

आणि मग तो. नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, बॉल जॉइंट आवळून धरणारा १७ चा बोल्ट. हा नुसता ढिला करून भागत नाही. जॉइंटच्या दांड्याला खाच असते, तिच्यातून हा आडवा जातो. पूर्ण बाहेर आल्याशिवाय जॉइंट हलत नाही. ठाण्याचे इतके पावसाळे प्यायलेला बोल्ट! आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवला, सकाळी हातोड्याने ठोकला, पान्याला पाइप लावून लोंबकळलो. कट्ट. वाटलं सुटला. बोल्टचं डोकं तुटून हातात आलं.

दुपारचे दोन. जेवायला हाका चालू. मी पाठीखाली पुठ्ठा घेऊन ड्रिलने उरलेला बोल्ट पोखरतोय, लोखंडाचा चुरा कॉलरमध्ये जातोय आणि वरून तळमजल्याचे काका विचारतायत, "काय, पंक्चर का?" हो काका. पंक्चर.

साडेपाचला निघाला. आर्म बसवायला पंधरा मिनिटं लागली. फक्त पंधरा! पण आर्मच्या बुशचे, म्हणजे सांगाड्याकडच्या रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गेल्या वेळच्या कारागिराने लटकत्या गाडीलाच आवळले होते. बुश वर्षभरात फाटला. पैसे मात्र पूर्ण मोजून घेतले. मी पुन्हा सगळं खाली आणलं, पुन्हा आडवा झालो, पुन्हा आवळलं. व्हील अलाइनमेंटचा खर्च वेगळाच.

रात्री लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये. हुकुमावरून." त्याच पार्किंगचं छत तीन पावसाळे माझ्या बॉनेटवर गळतंय. त्याची नोटीस मला अजून कुठे दिसलेली नाही.