‘ड्रम सरकतोय? खाली सतरंजी टाका’ म्हणे!

लग्नसराई आली की वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ‘गुळगुळीत फरशीवर ड्रमसेट सरकतो? पाच मिनिटांत कायमचा इलाज!’ त्याखाली पाच कलमं. किकखाली, म्हणजे पायातल्या पेडलने वाजवायच्या मोठ्या ड्रमखाली, सतरंजी टाका. किकच्या पायांचे काटे पूर्ण बाहेर काढा. फरशीवर कोल्ड्रिंक शिंपडून वाळू द्या. किकच्या पुढ्यात वीट लावा. आणि एवढं करूनही सरकला तर दोष तुमच्या पायात आहे, चांगल्या ड्रमरचा सेट जागचा हलत नाही. खाली अंगठ्यांची रांग.

यातलं एकेक कलम मी कधी ना कधी करून बसलोय, म्हणून लिहितो.

सतरंजीचं आधी. एका हॉलमध्ये तोंड दिसेल अशा चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या. डेकोरेटरकडून सतरंजी मागून घेतली, दुहेरी घडी घातली आणि किकखाली सारली. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला माझा उजवा गुडघा सरळ झाला होता आणि मी अंगठ्याने पेडल चाचपत होतो. तिसऱ्याला मी स्टुलाच्या अगदी काठावर, आणि किक सतरंजीसकट गायिकेसमोरच्या मॉनिटर स्पीकरला जाऊन टेकलेली. सुती कापड आणि गुळगुळीत टाइल एकत्र आली की काय होतं हे फरशी पुसणाऱ्या कुणालाही विचारा.

मग सतरंजी कुचकामी का? तर नाही. चुकतो तो तिचा आकार, आणि त्याहून जास्त आपण कुठे बसलोय ते.

बहुतेकांना वाटतं की बीटर, म्हणजे पेडलची हातोडी, किकवर आदळतो, म्हणून किक पुढे पळते. पण पेडल तर किकच्याच रिंगला आवळलेलं असतं. बीटर चामड्याला जेवढं पुढे ढकलतो, तेवढाच धक्का पेडलमार्फत त्याच ड्रमला मागे बसतो. हिशेब तिथल्या तिथे मिटतो. (पेडलचा क्लॅम्प ढिला असेल तर मात्र मिटत नाही, ड्रम पेडलला सोडून पुढे निघतो. आधी तो स्क्रू बघा.) संपूर्ण सेट पुढे लोटतो तो आपला पाय. पेडलची पट्टी उतरती असते, पंजाकडे उंच आणि टाचेकडे खाली. तिच्यावर पाय दाबला की जोर खालीही जातो आणि पुढेही. आणि पुढे लोटायचं तर मागे कशाचा तरी रेटा लागतो. तो रेटा आपण देतो स्टुलाला.

म्हणजे किक पुढे जाऊ बघते आणि स्टूल मागे. दोघं एकाच कापडावर उभे असतील तर कापड मधल्या मधे ताणलं जातं आणि जागेवर राहतं. खाली टाइल कितीही गुळगुळीत असो, तिला फारसं काम उरत नाही. शिवाय साठ-सत्तर किलोंचा वादक त्याच कापडावर बसलेला असतो, तो भार वेगळाच. माझी घडीची सतरंजी नुसत्या किकखाली होती, स्टूल उघड्या फरशीवर. मी स्वतःच्याच पायाने सतरंजी पुढे पाठवत होतो.

म्हणून सतरंजी टाकायची तर अख्ख्या सेटखाली: किक, हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) आणि स्टुलाचे सगळे पाय तिच्यावर. पाच तुकड्यांच्या साध्या सेटला साधारण साडेसहा फूट बाय सव्वापाच फूट पुरते. कमी लवीचा जाडसर गालिचा असेल तर उत्तम, कारण पेडलच्या पोटाला वेल्क्रो असेल तर तो त्याला धरतो. लांब लवीचा मऊ गालिचा नको, त्यावर पेडल डुलतं. काथ्याची मॅट पकड छान देते, पण ती गुंडाळून रिक्षात घातली की पँटभर काथ्या. गालिच्याखाली रबरी जाळी टाकली तर आणखी बरं.

मोठं कापड नसेलच तर जुनी युक्ती आहे: किकच्या मागच्या बाजूपासून स्टुलाच्या पायापर्यंत पट्टा किंवा सुतळीची दुहेरी दोरी ताणून बांधायची. तत्त्व तेच. स्टूल मागे ओढतं, किक पुढे, दोरी दोघांना धरते. दिसायला गावठी, पण रात्रभर टिकते. उठताना तेवढं दोरीत अडखळू नका.

आता काटे. किकच्या पुढच्या दोन पायांची रबरी टोकं फिरवून मागे घेतली की आतून पोलादी काटा निघतो. तो रुतायला काहीतरी मऊ हवं: लाकूड, गालिचा, मंडपातल्या फळ्या. टाइलवर किंवा ग्रॅनाइटवर तो रुतणार कशात? कडक टोक कडक फरशीवर घसरतं, आणि जाता जाता ओरखडा काढून जातं. उघड्या फरशीवर रबरच बाहेर ठेवा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. रबरावर धूळ बसली की ते रबर राहत नाही. पाय पुढे कललेले आणि किकची पुढची कड जमिनीपासून जरा उचललेली असावी. पुष्कळ जण पाय नुसते शोभेला टेकवून ठेवतात आणि सगळा भार रिंगवर असतो, मग काटा काय आणि रबर काय.

कोल्ड्रिंकची गंमत अशी, की ते चालतं. साखर वाळली की फरशी चिकट होते. पण कोलामध्ये आम्ल असतं, आणि संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीतले दगड. आम्लाने त्यांची चकाकी मरते आणि डाग पुसून जात नाही. हॉलवाला डिपॉझिट कापून घेईल. मुंग्या येतील त्या वेगळ्या. ओलं पोतं टाका म्हणणारेही भेटतात. आजूबाजूला माइकच्या आणि विजेच्या वायरी पसरलेल्या असताना पाणी आणायचंच कशाला?

विटेबद्दल फार बोलायला नको. वीट तीन किलोंच्या आसपास, किक आठ-दहा किलोंची. जी टाइल किकला धरत नाही ती विटेला का धरेल? दोघी मिळून पुढे जातात आणि वीट रिंगचा रंग खरवडते. फळ्यांचा मंडप असेल तर मात्र मंडपवाल्याला सांगा, किकच्या पुढ्यात एक रीप दोन खिळ्यांनी ठोकून दे. ती हलत नाही, कारण ती फळीला धरून आहे. मंडपवाले सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त सांगायचं कार्पेट अंथरायच्या आधी.

राहिला तो ‘चांगल्या ड्रमरचा सेट हलत नाही’चा टोमणा. यात एक चिमूटभर खरं आहे. स्टूल लांब ठेवून पाय पसरून वाजवलं तर जोर पुढे जास्त जातो. जवळ बसलं, नडगी जवळजवळ उभी राहिली, की जोर खाली उतरतो आणि तोच जोर पेडलला फरशीवर दाबून धरतो. तेव्हा बसण्याकडे जरूर बघा. पण बाकीचं निव्वळ हिणवणं. तबला चुंबळीवर ठेवतात, तिथे कोणी तबलजीला म्हणत नाही की रियाझ वाढव, चुंबळ लागणार नाही. ज्या नव्या पोराने हा मेसेज वाचून चार दिवस स्वतःच्या पायाला दोष दिला असेल, त्याने पुढच्या कार्यक्रमाला स्टूल चार बोटं पुढे घ्यावं, आणि त्याचे सगळे पाय सतरंजीवर आहेत ना, ते वाकून बघावं.